सीसीएनए घरी बसून, पुस्तकावरून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि अलीकडे तासगाव, विटा, जतहूनही मला जवळजवळ रोज मेसेज येतात. क्लास न लावता नेटवर्किंगची परीक्षा द्यायची आहे, कोणतं पुस्तक घेऊ, कुठून सुरू करू? मी स्वतः सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, पुस्तकावरूनच केली. आता कारखाने, दवाखाने, पतसंस्था यांची नेटवर्क जोडायचं आणि सांभाळायचं काम करते. तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. आधी साधे प्रश्न आहेत, मग अडचणीचे.

१. ताई, सीसीएनएला इंजिनीअरिंग लागतं का? मी बीकॉम आहे.

नाही. ही सिस्को कंपनीची परीक्षा, १९९८ पासून चालू आहे. आत्ताच्या परीक्षेचा कोड २००-३०१. वेळ १२० मिनिटं. कोणतीही पदवी किंवा आधीची परीक्षा लागत नाही. वय १८ पूर्ण हवं. १३ ते १७ वर्षांच्या मुलांना पालकांच्या संमतीने बसता येतं. गणित म्हणाल तर दोनाचे घात आणि बेरीज-वजाबाकी, एवढंच. माझ्या ओळखीत आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेला एक मुलगा आहे. त्याला हे इंजिनीअरिंगच्या पोरांपेक्षा लवकर जमलं, कारण वायर कुठून कुठे जाते हे बघायची त्याला आधीपासून सवय होती.

फी ३०० डॉलर आणि वर कर. रुपयात तीस हजारांच्या आसपास जाते, नेमका आकडा त्या दिवसाच्या डॉलरच्या दरावर. ही रक्कम आपल्याकडच्या घरांत लहान नाही, म्हणून पुढची सगळी उत्तरं ‘पहिल्याच खेपेला पास व्हायचं’ हे धरून दिली आहेत.

२. नेटवर्क प्लस करू की सीसीएनए?

नेटवर्क प्लस ही कॉम्पटिया या संस्थेची परीक्षा. ती कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांवर बांधलेली नाही. सध्याचा कोड एन-१०-००९, जास्तीत जास्त ९० प्रश्न, ९० मिनिटं, आणि १०० ते ९०० च्या पट्टीवर ७२० ला पास. तिच्यात संकल्पना जास्त, कमांड कमी.

माझं मत स्पष्ट आहे: पैसे एकाच परीक्षेपुरते असतील तर सीसीएनए. कमांड टाकून एखादी गोष्ट चालू करून दाखवता आली की मुलाखतीत समोरचा माणूस बोलायला लागतो. डेस्कटॉप सपोर्टचंच काम करायचं आहे, राउटरपर्यंत जायचंच नाही, असं ज्याला वाटतं त्याने नेटवर्क प्लस करावी.

३. एकच पुस्तक सांगा.

सिस्को प्रेसचं ‘ऑफिशियल सर्ट गाइड’, लेखक वेंडेल ओडम. दोन खंड आहेत आणि दोन्ही लागतात. दुसरी आवृत्ती २०२४ मध्ये आली, तीच घ्या. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला छोटी चाचणी असते, ‘हे तुम्हाला आधीच येतं का’ अशा अर्थाची. ती सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे पुस्तक जाड आहे, लेखक एकच गोष्ट तीनदा सांगतो, आणि काहींना त्याचा कंटाळा येतो. पण जो एकटा शिकतोय, ज्याला शंका विचारायला शेजारी कोणी नाही, त्याला तीनदा सांगणारं पुस्तकच हवं. मला तरी त्याच गुणामुळे ते उपयोगी पडलं.

दुसरं पुस्तक लगेच घेऊ नका. एका विषयाला तीन पुस्तकं घेणाऱ्यांच्या घरी तिन्हींची पहिली पाच प्रकरणं रंगवलेली असतात आणि पुढची पानं कोरी. एक पुस्तक दोनदा वाचा. दुसऱ्या वाचनानंतरही एखादा भाग अडला तरच त्या भागापुरतं दुसरीकडे बघा.

४. पुस्तक सांगलीत मिळेल का? महाग पडतं हो.

इथल्या दुकानांत शालेय आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं भरपूर असतात, हे शक्यतो नसतं. सांगितलं तर मागवून देतात. पुण्याला कोणी जात असेल तर अप्पा बळवंत चौकात चौकशी करायला सांगा. भारतात छापलेली प्रत मिळाली तर परदेशी प्रतीपेक्षा बरीच स्वस्त पडते.

दोघांनी मिळून एक संच घ्यायला हरकत नाही. एकाने पहिला खंड वाचायचा, दुसऱ्याने थांबायचं, असं मात्र करू नका. दुसरा खंड पहिल्यावर उभा आहे. एकाच वेळी एकच खंड, एकाने सकाळी आणि एकाने रात्री. सराव परीक्षेसाठी पुस्तकासोबत जो कोड येतो, तो एकदाच वापरता येतो. प्रत घेताना आत कोड आहे का हे विचारून घ्या.

कॉपी केलेली पीडीएफ मला मागू नका, मी पाठवत नाही.

५. दादाच्या मित्राने त्याचं जुनं सीसीएनएचं पुस्तक फुकट दिलंय. चालेल?

आधी मुखपृष्ठावरचा आकडा बघा. ‘आयसीएनडी १’, ‘आयसीएनडी २’ किंवा २००-१२५ असं असेल, तर ती परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाली. २४ फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ आली. जुन्या पुस्तकात ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलवर पानंच्या पानं आहेत, आत्ताच्या परीक्षेत ते कॉन्फिगर करायला विचारत नाहीत. उलट वायरलेस कंट्रोलर, ऑटोमेशन, जेसन (माहिती लिहायची एक ठराविक पद्धत) हे त्यात नाही किंवा नावापुरतं आहे.

मग रद्दीत घालायचं का? नाही. आयपी अॅड्रेस, सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे छोटे तुकडे पाडणं), व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क), एसटीपी (स्विचमधली गोल वाट अडवणारा प्रोटोकॉल) यांची मुळं तीच आहेत. नवं पुस्तक हातात येईपर्यंत तेवढी प्रकरणं वाचा.

२००-३०१ ची २०१९ ची पहिली आवृत्ती असेल तर ती बरीचशी चालते. २० ऑगस्ट २०२४ पासून परीक्षेची १.१ ही सुधारित यादी लागू झाली. त्यात ऑटोमेशनच्या साधनांपैकी टेराफॉर्म आलं, पपेट आणि शेफ गेले, जनरेटिव्ह एआय आणि मशीन लर्निंगची तोंडओळख आली, एसटीपीत रूट गार्ड, लूप गार्ड वगैरे वाढले. एवढं वेगळं वाचून घेतलं की झालं.

६. माझं शिक्षण मराठी माध्यमातून. इंग्रजी पुस्तक झेपेल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. परीक्षा इंग्रजी किंवा जपानीत होते, मराठीत नाही, त्यामुळे इंग्रजी वाचावंच लागेल. पण नेटवर्किंगचं इंग्रजी कादंबरीचं इंग्रजी नव्हे. तेच शंभर-दीडशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पहिली तीन प्रकरणं फार जड जातात. दिवसाला चार पानं झाली तरी पुरे. पाचव्या-सहाव्या प्रकरणापासून वेग आपोआप वाढतो.

मी नोट्स मराठीत काढायचे आणि पारिभाषिक शब्द जसाच्या तसा ठेवायचे. स्विच, राउटर, ट्रंक, गेटवे यांना प्रतिशब्द शोधू नका, परीक्षेत ते ओळखू येणार नाहीत. समजून घ्यायचं मात्र आपल्या भाषेत. एआरपी, म्हणजे आयपी पत्त्यावरून यंत्राचा हार्डवेअर पत्ता (मॅक) शोधणं, मी अशी लिहिली होती: ‘वाड्याच्या चौकात उभं राहून मोठ्याने विचारायचं, अहो, दहा नंबरच्या खोलीत कोण राहतं? ऐकू सगळ्यांना जातं, ओ देतो फक्त दहा नंबरवाला, आणि तो फक्त विचारणाऱ्यालाच आपलं नाव सांगतो.’ प्रश्न ब्रॉडकास्ट, उत्तर युनिकास्ट. हे मी आजतागायत विसरले नाही. तुमची उदाहरणं तुम्ही शोधा. दुसऱ्याचं उदाहरण फार दिवस टिकत नाही.

७. रोज किती वाचायचं आणि किती महिने लागतात?

नोकरी सांभाळून रोज दीड तास दिला तर पाच-सहा महिने. पण पानं मोजू नका. सिस्कोच्या संकेतस्थळावर परीक्षेच्या विषयांची यादी फुकट मिळते. तिची प्रिंट काढा आणि पुस्तकात घडी घालून ठेवा.

त्या यादीतली क्रियापदं नीट वाचा, खरी किल्ली तिथे आहे. जिथे ‘कॉन्फिगर अँड व्हेरिफाय’ लिहिलंय तिथे हाताने करता आलंच पाहिजे: व्हीलॅन, ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणारा दुवा), स्टॅटिक राउट, एकाच एरियातलं ओएसपीएफ (राउटर एकमेकांना वाटा कळवतात तो प्रोटोकॉल), नॅट (आतले खासगी पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं), अॅक्सेस लिस्ट. जिथे ‘एक्सप्लेन’ किंवा ‘डिस्क्राइब’ आहे तिथे समजणं पुरेसं. एचएसआरपीसारख्या (एक राउटर बंद पडला तर दुसऱ्याने गेटवे व्हायचं, अशा) प्रोटोकॉलचं फक्त वर्णन विचारलंय, तरी मुलं आठवडाभर त्याची लॅब, म्हणजे हाताने सराव, करत बसतात आणि नॅट तसंच राहतं.

भारांकही तिथेच आहे. आयपी कनेक्टिव्हिटी, म्हणजे राउटिंग, २५ टक्के. पायाभूत भाग २०, स्विचिंग आणि वायरलेसचा भाग २०, सुरक्षा १५, आयपी सेवा १० आणि ऑटोमेशन १०. शेवटच्या दहा टक्क्यांना घाबरून कोणी पायथॉनचा क्लास लावतं, त्याची गरज नाही. जेसनचा तुकडा वाचता येणं, कंट्रोलर काय करतो हे सांगता येणं, इतकंच अपेक्षित आहे.

अभ्यासिकेत बसणाऱ्यांसाठी एक सांगते. स्पर्धा परीक्षेची मुलं आजूबाजूला असतात, त्यांचं बघून आपणही अधोरेखित करत वाचत सुटतो. ह्या विषयात अर्धा वेळ वाचन आणि अर्धा वेळ लॅब हवी. अभ्यासिकेत लॅपटॉपला प्लग मिळत नसेल तर तिथे फक्त वाचा, लॅब घरी करा.

८. लॅब कशावर करू? लॅपटॉप जुना आहे.

सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, म्हणजे संगणकावर नकली नेटवर्क मांडायचं सॉफ्टवेअर. नेटवर्किंग अकॅडमीच्या साइटवर फुकट खातं उघडून ते उतरवता येतं. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. फोनवर पुस्तक वाचा हवं तर, लॅब नाही.

पुस्तकातली आकृती पॅकेट ट्रेसरमध्ये मांडा आणि ती चालू झाली की मुद्दाम बिघडवा. शिकणं इथून सुरू होतं. उदाहरणार्थ दोन राउटरमध्ये ओएसपीएफ लावा, शेजारी म्हणून ‘फुल’ दिसू लागले की एका बाजूचा हॅलो टायमर (किती सेकंदांनी शेजाऱ्याला ‘मी आहे’ कळवायचं) १० चा ५ करा. शेजार तुटतो. परत जोडा. मग एकाचा एरिया बदला. मग एका बाजूचा सबनेट मास्क बदला. मग इंटरफेस पॅसिव्ह करा. प्रत्येक वेळी ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ आणि ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ काय दाखवतात ते वहीत उतरवा. चार बिघाड स्वतः केलेत की परीक्षेतला पाचवा तुम्हाला लपून फसवू शकत नाही.

९. पुस्तकातली कमांड पॅकेट ट्रेसर घेतच नाही. पुस्तक चुकलंय का?

बहुधा नाही. पॅकेट ट्रेसर हे खऱ्या उपकरणाचं अनुकरण आहे, त्यात सगळ्या कमांड नाहीत. आधी आपण कोणत्या मोडमध्ये, म्हणजे कमांड देण्याच्या कोणत्या पातळीवर, आहोत ते बघा. दहापैकी सात वेळा चूक तिथे असते. मग प्रश्नचिन्ह टाकून तिथे काय काय चालतं ते बघा. तरी नसेल तर ती कमांड वहीत लिहा, पुस्तकातलं आउटपुट वाचा आणि पुढे चला.

१०. जुना स्विच आणि राउटर विकत घ्यावा का?

गरज नाही. हौस असेल आणि स्वस्तात मिळत असेल तर एक २९६० मालिकेचा स्विच घ्या. कन्सोल केबल आणि यूएसबी-सिरीयल जोडणी वेगळी लागते, तिचे पैसे आधीच धरा. जुन्या मालकाचा पासवर्ड असेल तर स्विचवर पॉवर देताना मोड बटण दाबून धरायचं, राउटरवर कन्फिगरेशन रजिस्टर २१४२ करायचं. पंखा मोठा आवाज करतो, घरच्यांना सांगून ठेवा. खऱ्या पोर्टमध्ये केबल खोचून दिवा हिरवा होताना बघण्यात जो आनंद आहे तो पॅकेट ट्रेसरमध्ये नाही, हे मान्य. पण पास होण्यासाठी तो आवश्यक नाही.

११. सबनेटिंग डोक्यात जातच नाही. पुस्तकात चार प्रकरणं आहेत, चारही वाचली.

वाचून येणारच नाही, पाढ्यासारखं म्हणावं लागतं. शाळेत तिसापर्यंतचे पाढे पाठ केलेत, त्यात फक्त बत्तीस आणि चौसष्टची भर घालायची.

१९२.१६८.२०.७७/२७ घ्या. /२७ म्हणजे पत्त्याचे पहिले २७ बिट नेटवर्कचे, म्हणून मास्कचा शेवटचा आकडा २२४. २५६ वजा २२४ म्हणजे ३२, ही आपली उडी. ०, ३२, ६४, ९६. ७७ कुठे बसतो? ६४ आणि ९६ च्या मध्ये. म्हणून नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५, आणि मशीनना देता येतात ६५ ते ९४, एकूण ३०. संपलं.

फसायची जागा तिसऱ्या आकड्यात आहे. १७२.१६.४५.१०/२०. मास्क २५५.२५५.२४०.०, उडी १६ ची, पण तिसऱ्या आकड्यात. ०, १६, ३२, ४८. ४५ हा ३२ च्या घरात. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. इथे बरीच मुलं ब्रॉडकास्ट १७२.१६.३२.२५५ लिहितात, कारण शेवटचा आकडा भरला की सबनेट संपला असं वाटतं.

रोज सकाळी चहाच्या आधी दहा गणितं, महिनाभर. कागद नको, पाटी किंवा छोटा व्हाइटबोर्ड घ्या. परीक्षा केंद्रात पुसता येणारा बोर्ड आणि मार्कर मिळतो, तेव्हा हात त्यालाच सरावलेला असावा. कॅल्क्युलेटर वापरायचा नाही.

१२. पुस्तक म्हणतं ‘दोनाचा होस्ट बिटांइतका घात, वजा २’. मग /३१ मध्ये शून्य मशीन बसतात का?

सूत्राने शून्यच येतं, पण हा अपवाद आहे. दोन राउटरना जोडणाऱ्या सरळ दुव्यावर नेटवर्क आणि ब्रॉडकास्ट पत्त्यांची गरज नसते, म्हणून आरएफसी ३०२१ या इंटरनेटच्या मानक-दस्तऐवजाने २००० साली /३१ चे दोन्ही पत्ते वापरायला परवानगी दिली. /३२ म्हणजे एकच पत्ता. राउटरच्या आतल्या काल्पनिक इंटरफेसला, म्हणजे लूपबॅकला, देतात. बाकी सगळीकडे वजा दोन.

१३. एसटीपी पाठ केलंय, पण ते कशासाठी आहे तेच कळत नाही.

एक प्रसंग सांगते. ऊस हंगामात एका साखर कारखान्यातून फोन आला, वजनकाट्याचं संगणक नेटवर्क बंद पडलंय. मी पोहोचले तेव्हा गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. काट्याच्या केबिनमध्ये टेबलाखाली एक साधा स्विच होता, त्याचे सगळे दिवे एकाच वेळी, एकाच लयीत भराभर लुकलुकत होते. कोणीतरी झाडताना निघालेली केबल परत खोचली होती, पण तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. केबल उपटली, दिवे शांत झाले, दोन मिनिटांत काटा चालू.

झालं होतं ते असं. आयपी पॅकेटला आयुष्य असतं, प्रत्येक राउटरवर त्याचा टीटीएल एकने कमी होतो आणि शून्य झालं की ते संपतं. इथरनेट फ्रेमला असं काही नसतं. गोल वाट सापडली की ब्रॉडकास्ट फ्रेम फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या प्रती वाढतात. त्या साध्या स्विचमध्ये एसटीपी नव्हतं. असतं तर त्याने दोन्हीपैकी एक पोर्ट स्वतःहून अडवलं असतं.

आता पुस्तक उघडा आणि ‘रूट ब्रिज’ची निवड वाचा. ज्याचा ब्रिज आयडी (प्रायॉरिटी आणि मॅक मिळून बनतो) सर्वांत लहान तो रूट. प्रायॉरिटी सगळ्यांची मूळची ३२७६८ असते, म्हणून निकाल मॅक अॅड्रेसवर जातो, आणि कोपऱ्यातला एखादा जुना स्विच सगळ्या नेटवर्कचा राजा होऊन बसतो. म्हणून रूट आपण ठरवायचा असतो.

१४. प्रश्नोत्तरांचे ‘डम्प’ मिळतात. सगळे तेच वापरतात ना?

सगळे नाही. डम्प म्हणजे परीक्षेतून बाहेर काढलेले प्रश्न. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेचा करार मान्य करता. तो मोडला तर सिस्को निकाल रद्द करू शकते, सर्टिफिकेट काढून घेऊ शकते. शिवाय डम्पमध्ये चुकीची उत्तरं ठासून भरलेली असतात. पण मला खरी चिंता वेगळी वाटते. डम्पवर पास झालेला मुलगा एखाद्या दवाखान्याच्या नेटवर्कसमोर उभा राहतो, आयसीयूचं रिपोर्टिंग बंद असतं, आणि त्याला ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’च्या पुढे काही सुचत नाही. तिथे माणसं वाट बघत असतात.

सराव परीक्षा वेगळ्या, त्या जरूर द्या. पुस्तकासोबतच्या पुरतात.

१५. परीक्षा द्यायला तयार आहे हे कसं ओळखू? कुठे द्यायची?

सिस्को पास होण्याचे गुण जाहीर करत नाही, त्यामुळे कोणी ठाम आकडा सांगितला तर तो ऐकीव समजा. माझी कसोटी अशी: विषयांच्या यादीतली कोणतीही ‘कॉन्फिगर’वाली ओळ कोऱ्या लॅबमध्ये पुस्तक न उघडता करता आली आणि सबनेटिंगचं गणित अर्ध्या मिनिटात सुटलं, की तारीख घ्या.

नोंदणी पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या साइटवर. जवळचं केंद्र तिथेच शोधता येतं. आपल्याकडचे बरेच जण पुण्याला जातात. सांगलीहून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर प्रवास आहे, तेव्हा सकाळची वेळ घेऊन रात्रभर एसटीत जागू नका. दुपारची घ्या किंवा आदल्या दिवशी जाऊन राहा. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळू द्या. आपल्याकडे वडिलांचं नाव एकीकडे असतं, एकीकडे नसतं, ते आधी तपासा.

आणि सरावातच एक सवय लावा: या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. ‘नंतर बघू’ चालत नाही. काही प्रश्नांत प्रत्यक्ष कमांड टाकाव्या लागतात, त्यांना वेळ राखून ठेवा.

१६. नापास झाले. पुन्हा पहिल्यापासून वाचू का?

नको. निकालपत्रात भागवार टक्केवारी येते. ज्या दोन भागांत सर्वांत कमी आहे, तेवढीच प्रकरणं काढा आणि त्यांच्या लॅब प्रश्न ८ मधल्या पद्धतीने करा. नियमाप्रमाणे ५ दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. निदान महिनाभर घ्या. घरी सांगायला जड जातं, मला माहीत आहे; निकालपत्र दाखवून सांगा, किती भाग जमलाय हेही त्यावर दिसतं.

१७. अर्धा अभ्यास झाला आणि परीक्षाच बदलली तर?

एकदम बदलत नाही, आधी तारीख जाहीर होते. बदल छोटा असेल, २०२४ सारखा, तर तेच पुस्तक चालू ठेवा आणि नव्या यादीतले वाढलेले मुद्दे वेगळे वाचा. कोडच बदलणार असेल आणि तुमचं साठ टक्क्यांहून जास्त झालं असेल, तर जुन्या परीक्षेची शेवटची तारीख गाठा. नुकतीच सुरुवात असेल तर नव्या आवृत्तीची वाट बघत पायाभूत प्रकरणं वाचत राहा, ती कुठे जात नाहीत (प्रश्न ५ पाहा).

१८. तीन वर्षांनी सर्टिफिकेट संपतं म्हणे. मग पुस्तकं पुन्हा घ्यायची?

हो, मुदत ३ वर्षं. मुदतीच्या आत तीच परीक्षा पुन्हा देता येते, वरच्या पातळीची एखादी परीक्षा पास होता येतं, किंवा सिस्कोच्या मान्य अभ्यासक्रमांतून ३० क्रेडिट जमवता येतात. मुदत एकदा टळली की नव्याने परीक्षा. कामात असाल तर तीन वर्षांत हात तयार झालेला असतो. तेव्हा पुस्तक विकत घेण्याआधी नवी विषययादी उतरवून बघा, किती ओळी नव्या आहेत. माझ्या पहिल्या नूतनीकरणाला पाचच होत्या, म्हणून मी जुना संच मिरजेच्या एका मुलीला दिला. ती सध्या दुसऱ्या खंडात आहे.